जावयासमोर बिअर, आणि काकूंचे धपाटे

या आठवड्याचं पत्र सांगलीहून आलंय. जरा मोठं होतं, कामापुरतं देते:

"ताई, माझं वय 59, नुकताच रिटायर झालो. लेक-जावई स्टुटगार्टला असतात. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं 15 दिवसांसाठी पहिल्यांदाच चाललोय. जावयाने तीन दिवस म्युनिक, दोन दिवस कोलोन आणि बाकी स्टुटगार्ट असा प्लॅन केलाय, त्यात एक दिवस ऑक्टोबरफेस्ट (म्युनिकची बिअरची जत्रा) पण टाकलाय. अडचण अशी की मला बिअर आवडते. महिन्यातून एक-दोनदा मित्राच्या शेतावर घेतो, घरात कधीच नाही, लेकीला माहीत नाही. आता जर्मनीला जाऊन बिअर न पिता यायचं म्हणजे कोल्हापूरला जाऊन तांबडा-पांढरा न चाखता यायचं. पण जावयासमोर ग्लास धरायचा कसा? दुसरं म्हणजे मी चिकन, मटण, मासे खातो, डुक्कर कधी खाल्लं नाही पण चाखायला हरकत नाही, गाय मात्र अजिबात नाही. मंडळी शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं. ती म्हणते मी माझे धपाटे आणि चटण्या घेऊन येते, तुम्ही तुमचं काय ते बघा. म्हणजे 15 दिवस ती एका टेबलावर आणि मी दुसऱ्या, असंच होणार का? बीपीची एक गोळी चालू आहे. — तहानलेला सासरा"

काका, नमस्कार.

पहिलं म्हणजे, लेकीला माहीत नाही असं फक्त तुम्हालाच वाटतंय. मित्राच्या शेतावरून रात्री दहाला वेलदोडा चघळत येणारा बाप, आल्या आल्या "भूक नाही, तिकडेच झालं" म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपणारा बाप, कुठल्या पोरीला कळत नाही हो. माझे बाबा पेरू खात यायचे, आमच्याकडे पेरूचा सीझन बारा महिने चालायचा.

त्यामुळे हा पडदा तिकडे जाऊन विमानतळावर वगैरे उघडू नका, इथूनच उघडा. पुढच्या व्हिडिओ कॉलला, काकू शेजारी बसलेल्या असताना, सहज म्हणा की अगं तिकडे आलो की एकदा तिथली बिअर घेऊन बघायचीय मला, कुठली चांगली असते विचारून ठेव. बस. जावयाला काय आणि कसं सांगायचं ते लेक बघेल, आणि खरं सांगू का, जावई बिचारा तुमच्याहून जास्त टेन्शनमध्ये असणार, कारण सासऱ्यासमोर ग्लास कसा धरायचा हा प्रश्न त्यालाही पडलाच असेल की. पहिल्या दिवशी ऑर्डर त्यालाच देऊ द्या, तुम्ही मेनू चाळत बसा.

तिकडे गेल्यावर बघाल, आजोबा, मुलगा, सून आणि बाबागाडीतलं बाळ सगळे एकाच बाकावर, आजोबांच्या पुढ्यात बिअर, सुनेच्याही पुढ्यात बिअर, बाळाच्या हातात ब्रेत्सेल, म्हणजे ती पीळ घातलेली मिठाची खमंग पावासारखी असते ती. बिअर आणि वाइन कायद्यानेच 16 व्या वर्षापासून चालते. पडदा लावलेलं फॅमिली सेक्शन वगैरे प्रकार नाही, लपून पटकन ढोसायचं असंही नाही. जेवणाबरोबर ताक घ्यावं तशी घेतात आणि एका ग्लासावर तासभर गप्पा मारतात. आपल्याकडे बिअर म्हणजे "बसणं", तिकडे बिअर म्हणजे जेवण. एवढं डोक्यात घेतलंत तर जावयाचा प्रश्न निम्मा तिथेच सुटला.

आता तुमचा खरा प्रश्न, दोन टेबलांचा. याचं उत्तर म्युनिकमध्ये 200 वर्षांपूर्वीच देऊन झालंय आणि मला ते सांगताना फार म्हणजे फार आनंद होतोय: म्युनिकच्या बिअरगार्टनमध्ये, म्हणजे झाडांखाली बाकं टाकलेल्या बिअरच्या बागेत, स्वतःचा डबा घेऊन जाता येतं.

खरंच. काकूंचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तुमचं सांगलीचं भडंग, सगळं घेऊन बसायचं, फक्त प्यायचं ते तिथूनच विकत घ्यायचं. ही काही कुणी मेहरबानी करत नाही, रीत आहे आणि नियमातही आहे. कारण असं की पूर्वी बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या प्रांतात आहे तिथे, उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती, 1539 च्या नियमाने 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल एवढंच गाळप चालायचं (हो, मी गाळपच म्हणणार, सांगलीच्या माणसाशी बोलतेय, साखर कारखान्याचा सीझन असतो तसंच समजा). मग उन्हाळ्यासाठीची बिअर साठवायला कारखानदारांनी जमिनीखाली तळघरं खोदली, वर ऊन लागू नये म्हणून चेस्टनटची झाडं लावली, आणि गार सावली म्हटल्यावर लोक तिथेच बाक टाकून प्यायला बसायला लागले. गावातल्या खाणावळवाल्यांची बोंबाबोंब सुरू झाली की आमचा धंदा बुडाला. शेवटी 1812 मध्ये राजा माक्स योसेफने तोड काढली, तळघरवाल्यांनी बिअर विकावी, खायला मात्र ब्रेडशिवाय काही विकू नये. लोक कसले हुशार, घरून डबे आणायला लागले! पुढे खाणं विकायची परवानगी मिळाली तरी डब्याची पद्धत राहिली ती राहिलीच.

फक्त एक बघायचं, ज्या टेबलांवर टेबलक्लॉथ आणि वेटर आहे तिथे डबा उघडायचा नाही, तो हॉटेलचा भाग. उघडी लाकडी टेबलं आणि बाक असतात तो सेल्फ सर्व्हिसचा भाग, तिथे बसायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या म्हातारा-म्हातारीने पिशवीतून स्वतःचा निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा कपडा काढून अंथरला, त्यावर लाकडी पाट, मग एक भलामोठा पांढरा मुळा. आजोबांनी तो मुळा न तोडता असा गोल गोल चिरला की उचलला तेव्हा स्प्रिंगसारखा लांबच लांब झाला, वर मीठ भुरभुरलं आणि पाणी सुटेपर्यंत तसाच ठेवला. मुळ्याला मीठ लावून ठेवायचं! मला एकदम आजीच्या स्वयंपाकघरात गेल्यासारखं झालं. काकूंना मुळ्याची कोशिंबीर जमत असेल तर त्या तिथे परक्या वाटणारच नाहीत.

जागा म्हणाल तर रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल असं आउगुस्टिनर केलर आहे, हिर्शगार्टन आहे जिथे 8000 माणसं बसतात पण पुन्हा गर्दी वाटत नाही, आणि भाजीबाजारात मधोमध विक्टुआलियनमार्क्टचं आहे. काकूंसाठी मी शेवटचं निवडेन, बाजार बघायला मिळतो, तिथेच द्राक्षं आणि चीज घ्यायचं आणि बाकावर येऊन बसायचं. मोकळी जागा दिसली की आधी बसलेल्यांना "इस्ट हिअर नोख फ्राय?" म्हणजे इथे जागा मोकळी आहे का, एवढं विचारून बसायचं, टेबल शेअर करण्यात कुणाला काही वाटत नाही. फक्त "श्टामटिश" अशी पाटी असेल त्या टेबलाला हात लावू नका, ते नेहमीच्या मंडळींचं असतं, गावातल्या पारावरची ठरलेली जागा असते तसं. सप्टेंबरअखेर आहे म्हणजे पाऊस-थंडी असेल तर बागा बंदही असतात, तेव्हा म्युनिकच्या तीन दिवसांत ऊन पडेल तो दिवस यासाठी राखून ठेवा आणि म्युझियम पावसाच्या दिवशी करा. जावयाने उलटं प्लॅन केलं असेल, इंजिनिअर लोक करतात.

काकूंनी प्यायला "आपफेलशोर्ले" मागावं, सफरचंदाचा रस आणि सोडा, गोडमिट्ट नसतं. जर्मनीत साधं पाणी मागितलं की सोडावॉटर येतं आणि त्याचंही बिल लागतं हे पण सांगून ठेवा त्यांना, बिनबुडबुड्यांचं हवं तर "श्टिलेस वासर". आणि अल्कोहोल-फ्री लिहिलेल्या बिअरमध्ये अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं, तेव्हा "हे चालतंय गं" म्हणून काकूंना आग्रह करू नका.

आता शाकाहाराचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलेय.

तिकडे आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या, पक्क्या शाकाहारी, कांदा-लसूण सुद्धा चातुर्मासात बंद. एका गावातल्या जुन्या हॉटेलात गेलो, जेवणाआधी ब्रेडची टोपली आणि मातीच्या छोट्या वाटीत पांढरं मऊ काहीतरी आलं, त्यात तळलेल्या कांद्यासारखे कुरकुरीत तुकडे. सासूबाईंनी ब्रेडला लावून खाल्लं, म्हणाल्या काय सुरेख लोणी आहे गं, बेरीसकट वाढलंय, अगदी आपण कढवतो तसं. दोन स्लाइस खाऊन झाल्यावर नवऱ्याने मेनूत नाव वाचलं, "ग्रीबनश्मालत्स". डुकराची चरबी. आणि ती "बेरी" म्हणजे चरबीचेच तळलेले तुकडे. आम्ही दोघांनी टेबलाखालून एकमेकांचे पाय दाबले, टोपली लांब सरकवली आणि आजतागायत त्यांना सांगितलेलं नाही. त्या हे सदर वाचत नाहीत, तुम्हीही कुठे बोलू नका.

म्हणून "मांस नाही ना?" एवढंच विचारून भागत नाही. "ओने फ्लाइश" म्हणजे बिनमांसाचं म्हटलं तरी कित्येक जुन्या हॉटेलात श्पेक म्हणजे डुकराच्या मांसाचे खारवलेले बारीक तुकडे चालवून घेतात, त्यांच्या हिशोबाने ती फोडणी आहे. परतलेल्या बटाट्यात श्पेक, डाळीत श्पेक, साउअरक्राउट म्हणजे आंबवलेल्या कोबीत कित्येकदा श्पेक नाहीतर चरबी, आणि स्टुटगार्टकडची बटाट्याची कोशिंबीर दिसायला निष्पाप पण तिच्यात मांसाचं पाणी घालतात. लेकीला सांगा विचारताना तिन्ही विचारायचं, मांस, श्पेक आणि मांसाचं पाणी. ती जर्मन बोलत असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

काकूंना पोटभर चालेल असं पण भरपूर आहे हो. स्टुटगार्टच्या भागात, म्हणजे श्वाबेन मुलखात, "केझे-श्पेत्सले" मिळतं, पीठ-अंड्याच्या जाड शेवया उकडून त्यात चीजचे थर आणि वर खरपूस तळलेला कांदा. अंडं पिठात असतं, दिसत नाही, म्हणजे केकच्या नियमात बसलं. दोघात एक मागवा, जड असतं. उकडलेला बटाटा आणि "क्वार्क" मिळालं तर नक्की घ्या, क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्का, त्यात कांद्याची हिरवी पात घातलेली, वर मीठ. काकूंनी त्यात बरोबर नेलेली लाल चटणी कालवली की झालं काम. म्युनिकला "ओबात्स्दा", कामँबेर चीज आणि लोण्यात तिखट-कांदा घालून कुस्करलेलं, ब्रेत्सेलबरोबर मस्त लागतं, पण त्यात कधी कधी चमचाभर बिअर घालतात, विचारून घ्या. चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध फाडायला घालतात ते, पुष्कळदा वासराच्या पोटातलं, असतं त्याचं काय, हे तुमच्या घरी चालतं का ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

आता तुमचं ताट. तीन शब्द पाठ करा: रिंड म्हणजे गाय, काल्ब म्हणजे वासरू, श्वाइन म्हणजे डुक्कर. यातला काल्ब फसवतो. म्युनिकची प्रसिद्ध पांढरी सॉसेज "वाइसवुर्स्ट", जी सकाळी बाराच्या घंटेआधी खायची रीत आहे, गोड मोहरीबरोबर, साल काढून, ती मुख्यतः वासराच्या मांसाची. जावई प्रेमाने पहिल्याच सकाळी तीच मागवेल, कारण सगळे पाहुण्यांना तीच खाऊ घालतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा. तसंच "वीनर श्निट्सेल" लिहिलं असेल तर ते वासराचं, "श्निट्सेल वीनर आर्ट" लिहिलं असेल तर बहुतेक डुकराचं, एका शब्दाचा फरक. स्टुटगार्टचे "माउलताशन" म्हणजे मोठ्या चौकोनी मोदकासारखे उकडलेले, सारणात बहुतेकदा मिश्र मांस असतं म्हणून तुम्ही सोडा, पण पालकाचे मिळतात ते दोघं खा. त्यांची गोष्ट मला आवडते, उपवासाच्या दिवसांत मांस खायचं होतं म्हणून मठातल्या साधूंनी ते कणकेत लपवलं, वर देवाला दिसणार नाही म्हणून. तिकडची माणसं गमतीने त्याला देवाला फसवणारे असंच म्हणतात. तुमच्या वेलदोड्याचीच जात.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे "हेन्डल", भाजलेली अर्धी कोंबडी, बाहेरून कातडी कुरकुरीत, आतून रसाळ. डुक्कर चाखायचंच असेल तर न्युर्नबर्गच्या बोटाएवढ्या सॉसेजपासून सुरुवात करा, पावात तीन घालून देतात, मसाल्यात मार्जोरम नावाचा सुगंधी पाला असतो आणि आवडलं नाही तर फार काही वाया जात नाही. एकदम "श्वाइन्सहाक्स" म्हणजे अख्ख्या गुडघ्यावर तुटून पडू नका, एका माणसासमोर येतं ते बघून पहिल्यांदा खाणाऱ्याचा धीर सुटतो. आणि तिखट कशालाच नसतं, ठेचा न्या.

बिअरचं आता. आपल्याकडची सवय म्हणजे 650 मिलीची स्ट्राँग बाटली, बर्फासारखी गार, आणि फेस आला की "काय अर्धा ग्लास फेसच दिला" म्हणून भांडण. तिकडे हे तिन्ही विसरा. म्युनिकची रोजची बिअर "हेलेस", साधारण 5 टक्क्यांची, मऊ, कडूपणा कमी, सुरुवातीला तीच घ्या. उत्तरेकडे "पिल्स" कडू. "वाइसबिअर" म्हणजे गव्हाची, गढूळ दिसते, उंच ग्लासात येते आणि तिला चक्क केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तुम्हाला वाटेल आत काहीतरी घातलंय, पण नाही, तो वास यीस्टचा. 1516 सालच्या बव्हेरियाच्या कायद्यात बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) एवढंच घालायचं असं ठरलं, गव्हाला सूट नंतर मिळाली, यीस्टचं नावही नाही त्यात, आणि त्याची ऐट ते अजून मारतात.

फेसाचं सांगायचं राहिलं. ग्लास उजेडात धरून बघा, वरच्या बाजूला एक बारीक रेघ आणि शेजारी 0,5 किंवा 0,3 असा आकडा असतो. बिअर त्या रेघेपर्यंत हवी, फेस रेघेच्या वर. म्हणजे फेस मापात धरलेलाच नाही, तो वरकड. आपल्या दूधवाल्याला हे कुणीतरी दाखवा. आणि चिअर्स करताना "प्रोस्ट" म्हणून समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, ग्लासकडे नाही. जावयाच्या डोळ्यात बघून प्रोस्ट म्हणायचंय काका, दोन दिवस आरशासमोर प्रॅक्टिस करा.

ऑक्टोबरफेस्टबद्दल माझं मत विचाराल तर तुम्ही विचारलेलं नाही पण सांगते. आत जायला तिकीट नाही, पण शनिवार-रविवारी तंबूत बसायला जागा मिळत नाही, बाहेर रांगेत उभं राहून काकू वैतागतील आणि त्याचं सगळं खापर तुमच्या बिअरवर फुटेल. मंगळवार-बुधवार सकाळी अकराला जा. बिअर लिटरच्याच मगात मिळते, त्याला "मास" म्हणतात, म्हणजे तुमच्या दीड बाटली, त्यात ती नेहमीपेक्षा कडक, 6 टक्क्यांच्या आसपास, आणि एका मगाला 15 युरोच्या आसपास मोजावे लागतात. दोघात एक घ्या, तुम्ही आणि जावई, बर्फ फुटायला याहून चांगलं काही नाही. मोठी सॅक आत सोडत नाहीत. दुपारी दोनपर्यंत बाहेर पडा, त्यानंतर लोक बाकांवर चढून नाचतात.

पण खरं सांगू, लेकीच्या घराजवळच त्याच दिवसांत स्टुटगार्टमधल्या कानस्टाटची जत्रा असते, "वाझन" म्हणतात, ती जास्त तुमच्या कामाची. सुरुवात 1818 ची, आणि सुरुवातीचं कारण ऐका: 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, दुष्काळ पडला. त्यातून सावरल्यावर व्युर्टेंबर्गच्या, म्हणजे स्टुटगार्टकडच्या तेव्हाच्या राज्याच्या, राजाने शेतकऱ्यांसाठी मेळा भरवला, जनावरांची बक्षिसं, अवजारं, सगळं. म्हणजे मुळात कृषी प्रदर्शनच. अजूनही मधोमध फळं-धान्यांनी सजवलेला उंच खांब उभा असतो. सांगलीचा माणूस तिथे जास्त रमेल, बिअर तर आहेच, पाळणे आहेत, काकूंना भाजलेले साखरेचे बदाम आहेत.

आणि त्याच भागात संध्याकाळी एखाद्या घराच्या दारावर खराटा टांगलेला दिसला तर आत शिरा, ते "बेझन". द्राक्षवाले शेतकरी वर्षातले जास्तीत जास्त चार महिने आपल्याच घरात नाहीतर गोठ्यात 40 माणसांपर्यंत बसवून स्वतःची वाइन विकतात, खराटा म्हणजे आज चालू आहे. सप्टेंबरअखेर ताजी, अर्धवट आंबलेली नवी वाइन असते, गोड लागते म्हणून फसू नका, पोटात जाऊन आंबत राहते की काय असं वाटतं. तिच्याबरोबर कांद्याचा केक खातात, त्यातही बहुतेकदा श्पेक, काकूंसाठी विचारा.

कोलोनला मात्र वेगळाच खेळ. तिथली बिअर "क्योल्श", उभ्या काडीसारख्या 0.2 लिटरच्या ग्लासात, दोन-चार घोटात संपते. निळ्या एप्रनमधला वेटर, त्याला "क्योबेस" म्हणतात, गोल ट्रेमध्ये ग्लास खोचून फिरत असतो, तुमचा रिकामा झाला की न विचारता नवा ठेवतो आणि तुमच्या ग्लासखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ मारतो. आमचे एक नातेवाईक, वयाने मोठे, "अरे नको नको" म्हणून मराठीत हात हलवत राहिले आणि तो ठेवत राहिला, उठताना पुठ्ठ्यावर नऊ रेघा होत्या. बास म्हणायचं असेल तर तो पुठ्ठा ग्लासच्या तोंडावर ठेवायचा. त्याशिवाय थांबत नाहीत. आपल्याकडे पंगतीत पानावर आडवा हात धरतात, तसंच ते. चवीला मला क्योल्श फार काही ग्रेट वाटत नाही, पण हे माझं मत कोलोनमध्ये बोलू नका, आणि तिथे बसून शेजारच्या ड्युसेलडॉर्फची "आल्ट" तर चुकूनही मागू नका, दोन गावांचं वैर आहे.

काकूंना कोलोनला "हाल्व हान" मागवा. शब्दशः अर्थ अर्धा कोंबडा, जावई घाबरून नको म्हणेल, पण येतो तो राय नावाच्या धान्याचा पाव, चीजचा जाड तुकडा, मोहरी आणि कांदा. पूर्ण शाकाहारी. उलट "कोलोनचं कॅव्हियर" दिसलं तर ते रक्ताचं सॉसेज आहे, नावावर जाऊ नका. पावावर गुलाबी खिमा लावलेला दिसेल, "मेट", तो कच्चा डुकराचा असतो, त्याच्याकडे बघायचंही नाही.

बिल देताना वेटर "त्सुझामन ओडर गेट्रेंट" विचारतो, एकत्र की वेगवेगळं. इथे तुमच्यात आणि जावयात जी खेचाखेची होणार आहे ती वेटरला कळत नाही, तो शांतपणे उभा राहतो आणि मागचं टेबल थांबतं. आधीच वाटून घ्या, जेवण त्याचं, बिअर तुमची. टीप टेबलावर ठेवून यायची पद्धत नाही, पैसे देतानाच 27 चं बिल असेल तर "30" म्हणायचं, झालं. कॅश थोडी जवळ ठेवा, जुन्या ठिकाणी कार्ड घेत नाहीत. आणि रात्री साडेनऊला जेवायला बाहेर पडलात तर किचन बंद झालेलं असेल, त्यांचं मुख्य जेवण कित्येक ठिकाणी दुपारीच असतं, दुपारचा मेनू स्वस्तही पडतो. तुमची बिअरही दुपारीच घ्या, म्हणजे संध्याकाळी चालणं होतं आणि काकूंना घोरणं ऐकावं लागत नाही.

बीपीच्या गोळीचं मात्र मला विचारू नका, जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा की बिअर चालेल का आणि किती, तिथेही वेलदोडा चघळू नका. ते नको म्हणाले तर अल्कोहोल-फ्री वाइसबिअर चवीला खरंच चांगली असते, तीही त्यांनाच विचारून घ्या.

राहिलं काकूंचं सामान. धपाटे, भडंग, चटण्या, ठेचा बिनधास्त न्या. पण युरोपात बाहेरून येणाऱ्याला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा, चक्का काही नाही, सापडलं तर विमानतळावरच फेकून देतात, आणि काकूंच्या हातचं तूप डोळ्यादेखत कचऱ्यात जाताना बघणं तुम्हाला झेपणार नाही. तिथलं लोणी उत्तम असतं, लेकीच्या घरी कढवा. 15 दिवसांचे धपाटे एकदम नका नेऊ, पहिल्या तीन दिवसांचे न्या आणि पीठ न्या, म्युनिकला निघायच्या सकाळी ताजे करा. चार जास्त करा. बाकावर शेजारी बसलेले लोक विचारतातच हे काय आहे म्हणून, आणि मुळ्याच्या बदल्यात धपाटा हा सौदा मला तरी बरोबरीचा वाटतो.

ता.क. लेकीच्या घरी रिकाम्या बाटल्या साठलेल्या दिसतील, कचरा समजून टाकून देऊ नका. बिअरच्या बाटलीचे 8 सेंट आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचे किंवा कॅनचे 25 सेंट परत मिळतात, सुपरमार्केटमध्ये मशीन असतं, बाटली आत सरकवायची, गुर्र करून गिळतं आणि शेवटी चिठ्ठी देतं. माझे बाबा आले होते तेव्हा रोज सकाळी फिरायला जाताना पिशवी घेऊन जायचे. पेरू तिकडे महाग आहेत, ते सोडलं होतं त्यांनी.